उजवा खांदा

वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या चौदा होत्या, त्यातली एक लंगडी. माणसं नऊ. कादंबरीच्या प्रती तीन, आणि त्यातल्या एकीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. पाण्याचा एक जग, पाच पेले, एक पंखा आणि दोन दिवे. त्यातला एक दिवा मधूनमधून डोळा मारायचा. बोलायला उभं राहण्याआधी मोजपट्टीनं हे सगळं मोजून घेतलं. मोजलं की तिच्या छातीतली धडधड बसायची. आज बसली नाही.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात नवा पडदा आला की लहानपणी ती आधी त्याची लांबी घ्यायची, म्हणून थोरल्या भावानं ते चिकटवलं. मग आईनं उचललं, शेजाऱ्यांनी उचललं, आणि आता वाचनमंडळातही तेच चालायचं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती कान तपासणाऱ्या सरकारी केंद्रात लागली, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "चला, खिडक्यांचे पडदे झाले, आता कानांचे मोज."

मंडळात दर महिन्याला एकजण एका पुस्तकाचा अर्थ लावून दाखवायचा. या वेळी पाळी तिची होती आणि पुस्तक ग्रंथपालबाईंनी निवडलं होतं. कादंबरी मोठी उदास. एका अवाढव्य कचेरीत जुनी लिफ्ट चालवणारा एक माणूस. अर्जदार येतात, हातातली चिठ्ठी दाखवतात, हा त्यांना सातव्या मजल्यावर पोचवतो. वर गेलेलं माणूस खाली येताना त्याला कधी दिसत नाही. वर काय होतं हे त्याला कुणी सांगत नाही आणि तो कुणाला विचारत नाही. पण रात्री त्याला झोप लागत नाही. शेवटी एके दिवशी त्याच्याच नावाची चिठ्ठी निघते.

"माझी एक साधी शंका आहे," दंतवैद्य म्हणाले. "ते लोक जिन्यानं उतरत असतील. लिफ्टवाल्याचं रडकं तोंड परत कोण बघणार?"

"तुम्ही बोलूच नका," निवृत्त मास्तर म्हणाले. "तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस तरी कुठे परत येतो?"

खोली हसली. मोजपट्टीही हसली, आणि ओठ कोरडे पडले म्हणून पाणी प्यायली.

मग तिनं आपला अर्थ मांडला. तो तिनं चांगला घासूनपुसून आणला होता. माणूस अपराधी ठरायचा तर तीन गोष्टी लागतात, ती म्हणाली. काय होतंय याची माहिती, ते थांबवायचा अधिकार, आणि दुसरा काही मार्ग. लिफ्टवाल्याकडे यातलं एकही नाही. त्याला अपराधी वाटतं, पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. एवढ्या मोठ्या यंत्रणेत अपराध असा पातळ होत जातो की शेवटच्या माणसाच्या वाट्याला त्याचा नुसता वास येतो. लेखकाला म्हणायचंय ते हेच, की वासावरून कुणाला फाशी देऊ नका.

"वा!" मास्तर म्हणाले. "वासावरून फाशी देऊ नका! लिहून घ्या कुणीतरी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगीच नाही. हा सगळा अर्थ मोजपट्टीला पुस्तकातून सापडलाच नव्हता. तो तिनं आधीच, महिनाभर, स्वतःसाठी शिवायला घेतला होता; पुस्तक मिळालं आणि तो त्याच्या अंगावर बेतून पाहिला, एवढंच.

झालं होतं ते असं. केंद्रात एक आवाजबंद खोली होती आणि तिला एक काच. काचेच्या आत तपासायला आलेला माणूस हेडफोन लावून बसायचा, बाहेर यंत्रापाशी मोजपट्टी. ती बटण दाबून एक बारीक सूर सोडायची. आतल्या माणसाला ऐकू आला की त्यानं आपल्या हातातलं बटण दाबायचं, मग तिच्या यंत्रावर दिवा लागायचा. सूर हळू करत जायचं, ऐकू येईनासा झाला की थोडा वाढवायचा, आणि जिथे जेमतेम ऐकू येतो तो आकडा लिहायचा; असे चार सूर, त्यांची सरासरी म्हणजे त्या कानाचा आकडा. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. खुर्ची काचेला आडवी ठेवायची हा नियम, म्हणजे आतल्याला बाहेरचे हात दिसू नयेत. पण हेडफोनची तार खुर्चीच्या पायाखाली येऊन तुटली होती, दुरुस्तीवाल्यानं ती हातभर कापून जोडून दिली होती, आणि आता आखूड तार पुरावी म्हणून खुर्ची थेट काचेसमोर आली होती. मोजपट्टीनं हे तोंडी वर कळवलं. "मागणी पाठवा" असं उत्तर आलं. मागणी गेली आणि जिथे मागण्या जातात तिथे पोचली.

अशात एका सकाळी एक काका आले. मोठ्या कारखान्यातले, घणखात्यातले. तिथे यांत्रिक घणाखाली तापलेलं लोखंड ठोकतात आणि शेजारच्याशी बोलायचं तर खुणांनी बोलावं लागतं. त्यांनी गोदामात बदली मागितली होती. कारखान्याचा नियम असा की चांगल्या कानाचा आकडा पन्नासच्या वर असेल तरच बदली, नाहीतर पुन्हा घणाखाली. काका खुर्चीत ताठ बसले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, आणि काचेतून तिच्याकडे टक लावून बघत राहिले. ती सूर सोडायची की दिवा लागायचा. पटकन लागायचा. फारच पटकन. सूर चाळीसच्या आसपास आला की आकडा नीट बघायला ती यंत्रावर वाकायची, तेव्हा मात्र दिवा चुकायचा. उजवा कान ४२, डावा कान ४३.

त्यानंतर शब्दांची चाचणी असते. तोंडासमोर पुठ्ठा धरून वीस साधे शब्द म्हणायचे, समोरच्यानं ते परत म्हणायचे. सुरांचे आकडे आणि शब्द यांचा मेळ बसला नाही तर सगळं पहिल्यापासून करायचं. बाहेर रांग होती, आत उकडत होतं. मोजपट्टीनं शब्द म्हटलेच नाहीत. 'शब्द' असं छापलेल्या रकान्यात तिनं 'जुळतात' असं लिहून टाकलं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ती स्वतःची समजूत घालू शकली असती. पण काका उठून निघाले आणि त्यांची पिशवी खुर्चीखाली राहिली. "काका, पिशवी!" ती म्हणाली. ते चालत राहिले. "काका!" ती मोठ्यानं म्हणाली. रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवली. ज्याला हाक होती तोच तेवढा वळला नाही. तिनं धावत जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा ते दचकले आणि हसले.

बेचाळीसवाल्या माणसाला ती हाक ऐकू आली असती. तिला हे कळलं. त्या क्षणी, पिशवी हातात असताना, कळलं. कागद अजून तिच्याच टेबलावर होता. संध्याकाळी तिनं त्यावर सही केली.

"मला एक विचारायचंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसका, खरखरीत. वाचनालयात दिवसभर कुजबुजणाऱ्या बाईचा असा आवाज कसा, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. "दुसऱ्या प्रकरणात लिफ्टचं वर्णन आहे. जुनी लिफ्ट, बटणाची नाही, मुठीची. मूठ फिरवून धरून ठेवली तरच वर जाते, सोडली की जागच्या जागी थांबते. मग प्रत्येक माणसाला सातव्या मजल्यापर्यंत नेताना मूठ कुणाच्या हातात होती?"

मोजपट्टीनं ते वर्णन वाचलं होतं. टिपण काढताना गाळलं होतं.

"त्यानं मूठ सोडली असती," ती म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा लिफ्टवाला आला असता."

"आला असता," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी तो होता."

"अहो, पण त्याच्याही पोटाचा प्रश्न आहे," दंतवैद्य मोजपट्टीच्या मदतीला आले. मास्तरांनी मान डोलावली, दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुढे ताणलं नाही. सभा चहाकडे वळली.

मोजपट्टी पेला हातात घेऊन उभी होती, तेवढ्यात जिन्यात दणदण पावलं वाजली आणि दारातून आवाज आला, "झालं का गं तुमचं पुराण?" आवाज एवढा मोठा की पंख्याखालचे कागदसुद्धा दचकावेत. "आमचे हे," ग्रंथपालबाई ओशाळून म्हणाल्या. "मला न्यायला येतात. हळू बोलायचं म्हणजे त्यांना ठाऊकच नाही, त्यांचा दोष नाही तो."

दारात काका उभे होते. हातात तीच पिशवी.

"अरे! या तर आपल्या बाई!" काकांचा चेहरा उजळला. ते थेट तिच्यापाशी आले आणि सगळ्यांकडे वळून, जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगू लागले. "यांनीच माझी परीक्षा घेतली. मी एकही चूक केली नाही! का, विचारा."

"का हो?" मास्तरांनी विचारलं. काकांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि डोळे मिचकावले.

"यांचा उजवा खांदा! बटण दाबलं की खांदा असा खाली यायचा." त्यांनी खांदा पाडून दाखवला. हुबेहूब तिचा खांदा. "खांदा पडला की मी दाबलंच. म्हटलं, एवढी शिकलेली पोर आपल्यासाठी राबतेय, तिच्यासमोर नापास कसं व्हायचं?"

दंतवैद्य खो खो हसले. मग कुणी हसत नाही हे पाहून थांबले.

"अहो, ती परीक्षा नव्हती," ग्रंथपालबाई हळू म्हणाल्या. नवऱ्याला ते ऐकू गेलं नाही. त्यांनी ते परत, त्याच्या कानाशी, घसा ताणून म्हटलं. तेव्हा मोजपट्टीला कळलं की बाईंचा आवाज कशानं बसलाय. "नापास व्हायचं होतं! नापास झाला असता तर बदली झाली असती!"

"असं होय?" काका म्हणाले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं. "मला कुणी सांगितलं नाही."

सांगायचं काम मोजपट्टीचं होतं. 'ऐकू आलं तरच दाबा, अंदाजानं दाबू नका' हे वाक्य प्रत्येकाला म्हणायचं असतं. तिनं ते म्हटलंही असेल. त्यांना ते ऐकू गेलं का, हे पाहिलं नव्हतं.

ग्रंथपालबाई तिच्याकडे वळल्या. रागानं नाही. एखाद्या ओळीचा अर्थ विचारावा तशा.

"तुला कळलं होतं का गं?"

मोजपट्टीनं डोळा मारणाऱ्या दिव्याकडे बघितलं.

"नाही, काकू," ती म्हणाली.

काकूंनी पिशवी नवऱ्याच्या हातातून घेतली, बरं म्हटलं, आणि दोघं जिना उतरून गेली. खाली रस्त्यावर काका काहीतरी बोलत होते ते पार कोपऱ्यापर्यंत वर ऐकू येत होतं. मास्तर म्हणाले, "तुमचं विवेचन मात्र फार सुरेख झालं हं." मोजपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी भावानं विचारलं, "काय मोजपट्टी, मैदान मारलंस का?" ती म्हणाली डोकं दुखतंय. जेवताना आईनं दोनदा काहीतरी विचारलं आणि ती दोन्ही वेळा "काय?" म्हणाली. "कान तपासून घे," भाऊ म्हणाला. "ओळखीची एक आहे माझ्या." ती ताटावरून उठली. आई भावाला म्हणाली, "कधीतरी गप्प बसत जा."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे केंद्रप्रमुख. टेबलावर काच, काचेखाली नातवंडांचे फोटो.

"चाचणी सदोष होती म्हणतेस?" मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "यंत्र बिघडलं होतं?"

"नाही."

"मग त्या माणसानं फसवलं?"

"नाही. त्यांना तर वाटलं ते मला मदत करतायत."

"बस आधी." मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. "हे बघ, तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून सांगते. सही झालेल्या चाचणीला वर्षभर हात लावता येत नाही. लावायचा तर तपासणाऱ्यानं लेखी द्यायचं की चूक माझी. तुझी नोकरी अजून पक्की व्हायचीय. तार आखूड होती असं लिही. खोटं नाही ते."

"खोटं नाही."

"मग?"

"तार आखूड होतीच. पण मला कळलं होतं, ते वेगळं. शब्द मी म्हटलेच नव्हते. न म्हणता 'जुळतात' लिहिलं."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हे कागदावर आलं की तुझी पक्की व्हायची तारीख पुढे जाणार. किती, ते वरचे ठरवणार. माझ्या हातात काही नाही गं."

मोजपट्टीला आपलं कालचं विवेचन दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं. ऐकायला ते खरंच सुरेख होतं.

"कोरा कागद मिळेल का?" तिनं विचारलं.

संध्याकाळी ती वाचनालयात गेली. ग्रंथपालबाई खिडकीशी बसून फाटक्या प्रतीत घालायला शेवटचं पान हातानं उतरवून घेत होत्या. शेजारी खळीची वाटी.

"काकू, मी काल खोटं बोलले."

"माहीत आहे."

"कसं?"

"मी विचारलं तेव्हा तू दिव्याकडे बघितलंस." बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही.

"मी लिहून दिलंय. पुन्हा तपासणी होईल. मंजुरी यायला थोडे दिवस लागतील, तोवर त्यांना... तोवर घणखात्यातच."

"हं."

"काकू, रागवा तरी."

"कशानं रागवू? घरात ओरडून ओरडून घसा गेलाय माझा. रागालासुद्धा आवाज लागतो, पोरी." त्यांनी दुसरी प्रत तिच्यापुढे सरकवली. "उभी कशाला? वाच, मी उतरवते. माझी ओळ सारखी चुकतेय."

मोजपट्टी वाचू लागली. शेवटच्या पानावर लिफ्टवाला चिठ्ठी घेऊन अर्जदारासारखा उभा होता आणि मुठीवर एका नव्या माणसाचा हात होता. तो त्या हाताकडे बघत राहतो. 'सोड' एवढाच शब्द म्हणायचा असतो, आणि तो त्याला म्हणता येत नाही, कारण इतक्या वर्षांत त्यानं तो कधी ऐकला नसतो. लोक म्हणत होते तेव्हाही. मोजपट्टीनं ती ओळ घाईनं वाचून टाकली. बाई लेखणी धरून थांबल्या. तिनं ती ओळ पुन्हा, स्वच्छ वाचली. बाईंनी ती उतरवून घेतली.

मंजुरी आली तोवर नवी तार आली नव्हती. खुर्ची काचेसमोरच होती. मोजपट्टीनं घरून पुस्तकांना घालायचा खाकी कागद आणला आणि आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसणार नाही असा काचेवर चिकटवला. एक कागद, चार चिकटपट्ट्या. हे त्या दिवशीही करता आलं असतं. कात्री ठेवताना तिचे कान तापले होते.

काका आले, ताठ बसले, आणि कागदाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, खांदा दिसत नाही हो!"

ती आत गेली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, चेहरा उजेडात धरून सावकाश म्हणाली, "काका, ही परीक्षा नाही. ऐकू आलं तरच दाबायचं. नाही आलं तर नाही दाबायचं. काय करायचं, मला सांगा बघू."

"ऐकू आलं तरच दाबायचं," काका म्हणाले. "आणि नाही आलं तर?"

"तर बसून राहायचं."

"अवघड आहे," ते म्हणाले.

तिनं बाहेर येऊन सूर सोडला. तिचा खांदा सवयीनं खाली आला. बघायला कुणी नव्हतं. दिवा लागला नाही. तिनं सूर वाढवला. लागला नाही. आणखी वाढवला. कागदामागे एक माणूस बटणावर अंगठा ठेवून प्रामाणिकपणे बसून होता, आणि तिला सूर इतका मोठा करत न्यावा लागला की हेडफोनमधून निसटलेला आवाज खोलीचं दार बंद असूनही तिला ऐकू येतोय असं वाटायला लागलं. तेव्हा कुठे दिवा लागला.

मग ती पुठ्ठा घेऊन आत गेली. तोंडासमोर धरला आणि शब्द म्हणू लागली. "पान." "पान," काका म्हणाले. "दार." काका पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "माती." "काठी?" बाहेर रांग होती, आत उकडत होतं. तिनं एकेक करत वीसही शब्द म्हटले.

"या वेळी नापास झालो ना?" काकांनी हेडफोनचे वळ चोळत विचारलं. दारात ग्रंथपालबाई उभ्या होत्या, त्यांनीही तिच्याकडे बघितलं.

मोजपट्टीनं सगळ्या आकड्यांची सरासरी दोनदा तपासली आणि कागदावर लिहिलं.

उजवा कान ५८. डावा कान ६३. शब्द, वीसपैकी सात.